धाव ते रेडियल : राजूरच्या वाटेवरील चाकाचा इतिहास

१/
मराठीत ‘टायर’ हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी त्याच कामाच्या वस्तूला एक नाव होते : धाव. लाकडी चाकावर चढवलेले लोखंडी कडे म्हणजे धाव. आज कुटुंबाच्या मोटारीखाली लोखंडी धाव नाही, हवा भरलेले रबर आहे. तरीही चाक पारखण्याच्या अनेकांच्या सवयी धावेच्याच काळातल्या राहिल्या आहेत. चाक बदलले, पारख बदलली नाही. या विसंगतीची किंमत कधी कधी फार मोठी असते. राजूरच्या पंचक्रोशीतून चाकाच्या प्रवासाचा हा धागा.

२/
जालना शहराच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरवर, भोकरदन तालुक्यात राजूर वसले आहे. गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक म्हणून त्याची ख्याती आहे. संकष्टीला, विशेषतः अंगारकीला, येथे दूरदूरचे भाविक येतात. एके काळी ही वाट पायी किंवा बैलगाडीने तुडवली जाई; आता तिच्यावर मोटारींची रांग लागते. या भागात नवी गाडी घेतली की तिची पूजा होते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. त्या चाकाच्या कडेवर कोरलेला मजकूर मात्र क्वचितच कोणी वाचतो. वास्तविक तो एक छोटा कोरीव लेखच आहे. त्याचे वाचन पुढे येईल, आधी पार्श्वभूमी.

३/
गोदावरीच्या खोऱ्यात चाक फार जुने आहे. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली कांस्यमूर्तींचा संचय सापडला. त्यात बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यावर उभा असलेला पुरुष आहे. रथाची दोन्ही चाके भरीव आहेत. त्यांना आरे नाहीत. या संचयाच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु दख्खनमधील चाकाचे ते अतिशय प्राचीन चित्रण आहे, हे निर्विवाद. भरीव चाक मजबूत, पण जड. पुढे आऱ्यांच्या चाकाने वजन घटवले आणि झिजणारी कडा जपण्याचा प्रश्न समोर आणला.

४/
राजूरचा तालुका, म्हणजे भोकरदन, हेच प्राचीन भोगवर्धन. केळणा नदीकाठच्या या नगरातील दात्यांची नावे सांची आणि भारहूत येथील ब्राह्मी लेखांत आढळतात. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी येथे केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन समृद्धीचे अवशेष मिळाले. पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गांच्या पट्ट्यातले हे ठिकाण. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात, पैठण व तेरचा माल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मोठ्या प्रदेशातून भडोचला जात असल्याची नोंद आहे. रस्ता नव्हता; सारा भार चाकावर होता.

५/
त्या भाराला उत्तर म्हणून धाव आली. तिचे तंत्र साधे, पण नेमके. लोखंडी पट्टीचे कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायचे. गोवऱ्यांच्या आगीत ते लाल होईपर्यंत तापवायचे. तापून प्रसरण पावलेले कडे घणाचे घाव घालून चाकावर चढवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. थंड होताना लोखंड आकसते आणि आरे, पाटे, तुंबा यांना एकमेकांत घट्ट आवळते. म्हणजे धाव केवळ झीज सोसत नसे. संपूर्ण चाक तिनेच बांधून धरलेले असे. सुतार आणि लोहार या दोघांचे हात एका चाकावर चालत.

६/
चाकाची निगा ही गावगाड्याच्या व्यवस्थेचाच भाग होती. सुतार व लोहार बलुतेदार. वर्षभर गाडी-औत दुरुस्त करायचे आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. आसाला वंगण देणे हे गाडीवानाचे नित्यकर्म. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसले की धाव सैल होई; तेव्हा चाके पाण्यात भिजवून फुगवली जात. चाकाचा प्रत्येक दोष डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई. सैल आरा वाजे, कोरडा आस कुरकुरे, ढिली धाव चालताना खडखडे. सूचना दिल्याशिवाय बैलगाडीचे चाक सहसा मोडत नसे, आणि मोडले तरी गाडीचा वेग बैलाच्या पावलाचाच असे.

७/
दरम्यान युरोप-अमेरिकेत रबराची कथा घडत होती. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होई. १८३९ साली चार्ल्स गुडइयरने गंधकाबरोबर तापवून ते स्थिर करण्याची रीत शोधली. १८४५ साली रॉबर्ट थॉमसनने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. पण त्या हवेला शोभेल असे वाहन नव्हते आणि शोध विस्मरणात गेला. १८८८ साली बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना पुन्हा साकारली. पुढे थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्याने डनलॉपचा हक्क टिकला नाही. नाव मात्र त्याचेच राहिले.

८/
१८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी मोटारीला हवेचे टायर लावून ती चालवली. वाटेत टायर पुन्हा पुन्हा फुटले. तरी दिशा ठरली. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. पंक्चर झाले की रस्त्यावरच खोळंबा. १९०४ साली वेल्समधील लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला काढले. त्यांचे दुकान होते स्टेपनी स्ट्रीटवर. आज राजूरच्या पंक्चरवाल्यापासून मुंबईच्या शोरूमपर्यंत सगळे ज्याला ‘स्टेपनी’ म्हणतात, तो शब्द वेल्समधल्या त्या गल्लीचा.

९/
भारतात मोटारी आल्या तेव्हा रस्ते बैलगाडीचे होते. खडी, मुरूम आणि पाणी दाबून केलेल्या सडकेवर अरुंद लोखंडी धाव चाकोऱ्या पाडी; वेगाने जाणारा रबरी टायर खडीमधला बारीक भुगा उडवून रस्ता मोकळा करी. दोन चाकांच्या दोन सवयी, आणि सडक दोघांच्या कात्रीत. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मु. रा. जयकर. १९२८ च्या अहवालात समितीने पेट्रोलवरील जादा करातून रस्त्यांसाठी निधी उभारण्याची शिफारस केली. पुढच्याच वर्षी केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला.

१०/
राजूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होते (जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी). या संस्थानाने जून १९३२ मध्ये रेल्वेखात्यामार्फत २७ बस आणि १६६ कर्मचाऱ्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. १९४३ साली नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशाच्या रस्त्यांचा आराखडा आखला. विकसित शेतीप्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असे त्याचे एक उद्दिष्ट होते. खेड्यातल्या माणसाची हवेच्या टायरशी पहिली ओळख झाली ती बहुधा बसमुळे, स्वतःच्या मोटारीमुळे नव्हे.

११/
टायर बनू लागले तेही टप्प्याटप्प्याने. १९३६ साली बंगालमध्ये साहागंज येथे डनलॉपचा कारखाना निघाला. काही वर्षांत मुंबईत शिवडीला फायरस्टोनचा. १९४२ साली जपानने मलाया आणि सिंगापूर घेतल्यावर जगाचा रबरपुरवठा आटला आणि टायर ही नियंत्रित वस्तू झाली. १९५८ साली मुंबईत ‘सिएट’ची स्थापना झाली, तिचा भांडुपचा कारखाना मुंबईच्या उद्योगजीवनाचा भाग बनला. पुढे टायरनिर्मिती मराठवाड्यातही आली : छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत गुडइयरचा कारखाना आहे.

१२/
याच काळात एक गमतीचे मिश्रण घडले. हवेचा टायर बैलगाडीला लागला. तेवढ्याच बैलांना अधिक भार ओढता येऊ लागला, सडकेवर चाकोऱ्या पडणे थांबले. ऊसतोडीच्या जगात ‘टायरगाडी’ हा शब्द आजही चलनात आहे. मराठवाड्यातील असंख्य ऊसतोड कुटुंबांचे हंगाम त्या गाडीवर जातात. पण टायरगाडीने एक नवा धडाही दिला. धाव सुताराला कळे, टायर त्याला कळेना. चाकाचे ज्ञान गावाबाहेर, कारखान्यात गेले. गावात उरला पंक्चर काढणारा, आणि हवा बरोबर आहे की नाही हे ठरवायला उरली पायाची एक लाथ.

१३/
ती लाथ जुन्या टायरांसाठी अगदीच निरर्थक नव्हती. अँबेसेडर, प्रीमियर पद्मिनी यांच्या काळातील टायरांत कापडी दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेद देत बसवलेले असत. त्यांची कड ताठ; हवा कमी झाली की टायर उघड बसलेला दिसे. मिशलँने १९४६ साली पेटंट घेतलेल्या रेडियल टायरची रचना वेगळी. त्यात दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काटकोनात जातात आणि पृष्ठभागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. भारतात १९७७ साली जे. के. टायरने रेडियल आणला; कुटुंबाच्या मोटारींत तो यथावकाश सार्वत्रिक झाला.

१४/
रेडियलची कड मुद्दाम लवचिक ठेवलेली असते. त्यामुळे पुरेशी हवा असतानाही तो खाली किंचित फुगलेला दिसतो. आणि हवा बरीच कमी असली तरी जवळजवळ तसाच दिसतो. येथे डोळा फसतो, लाथही फसते. त्यात टायर ट्यूबलेस झाला. खिळा रुतला तरी हवा एकदम न जाता दिवसेंदिवस हळूहळू झिरपते. बैलगाडीचे चाक दोष बोलून दाखवी. रेडियल बराच काळ गप्प राहतो. म्हणून त्याच्यासाठी दाबमापक हवा, आणि त्याच्या कडेवरचा लेख वाचता यायला हवा.

१५/
आता तो कोरीव लेख. समजा, टायरवर लिहिले आहे : १६५/८० आर १४ ८५ टी.
१६५ : टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
८० : कडेची उंची रुंदीच्या किती टक्के.
आर : रेडियल.
१४ : रिमचा व्यास, इंचांत.
८५ : भारांक, एका टायरला जास्तीत जास्त ५१५ किलो.
टी : वेगांक, ताशी १९० किलोमीटरपर्यंत.
भारांक आणि वेगांक ही टायरची कमाल मर्यादा आहे, आणि तीही हवा योग्य असतानाच. कमी हवेचा टायर तेवढा भार सुरक्षितपणे पेलत नाही.

१६/
याच लेखाला कालोल्लेखही असतो. कडेवर एका लंबगोल चौकटीत चार अंक असतात. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा. शिलालेखाच्या अभ्यासकाला शक-संवत जितका मोलाचा, तितकेच हे चार अंक टायर घेणाऱ्याला. रबर वापराविनाही वृद्ध होते. ऊन आणि प्राणवायू त्याला कडक करतात, बारीक भेगा पाडतात. म्हणूनच दारात उभ्या असलेल्या, कमी चाललेल्या गाडीचे टायर ‘नवेच आहेत’ हे म्हणणे फसवे ठरते. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांपुढे टायर वापरूच नये, असा उत्पादकांचा सर्वसाधारण सल्ला असतो. स्टेपनीलाही तो लागू आहे.

१७/
निवडीचे नियम यातूनच निघतात. माप गाडीच्या उत्पादकाने सांगितलेलेच घ्यावे. दिसायला रुंद म्हणून मोठे टायर बसवू नयेत. भारांक व वेगांक मूळ टायरपेक्षा कमी नसावेत. खरेदी करताना चार अंक स्वतः वाचावेत. एका आसावरचे दोन्ही टायर एकाच जातीचे आणि सारख्या झिजेचे असावेत. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत, कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरत नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या टायरांना ओल्या रस्त्यावरील पकड, घर्षणविरोध आणि आवाज यांची मानके भारतात लागू झाली आहेत.

१८/
निगेत पहिला मान हवेचा. दाबाचा योग्य आकडा टायरवर शोधायचा नाही. टायरवर असतो तो त्याचा कमाल दाब. गाडीसाठीचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिकटपट्टीत असतो. तेथे अनेकदा दोन आकडे आढळतात : कमी माणसांसाठी एक, भरल्या गाडीसाठी दुसरा. सहकुटुंब, सामानासह राजूरला निघालेल्या गाडीला दुसरा आकडा लागतो. मोजमाप टायर थंड असताना, महिन्यातून किमान एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी करावे. पेट्रोल पंपावर हवा विनामूल्य मिळते. वेळ लागतो तो पाच मिनिटांचा.

१९/
‘उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून कमी भरावी’ ही समजूत सर्वदूर आहे. तापमान सुमारे साडेपाच अंश सेल्सिअसने वाढले की दाब साधारण एक पौंड वाढतो, हे खरे. पण टायरच्या रचनेत ही वाढ आधीच गृहीत धरलेली असते. उलट कमी हवेच्या टायरची कड प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते, त्या वाकण्याने आतून तापते, थर सुटू लागतात आणि शेवटी टायर फुटतो. म्हणजे बचावासाठी केलेली कृतीच घाताला कारण होते. नायट्रोजनचेही असेच : साध्या हवेत तो सुमारे ७८ टक्के असतोच. त्याचा लाभ मर्यादित आहे. नियमित मोजण्याला तो पर्याय नव्हे.

२०/
दुसरे लक्षण खाचांचे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. खाचांच्या तळाशी या मापाचे छोटे उंचवटे असतात. पृष्ठभाग झिजून त्यांच्या पातळीला आला की टायर संपला. झीजही बोलते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मध्य झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर चाकांची दिशा बिघडलेली. दर दहा हजार किलोमीटरच्या सुमारास टायरांची अदलाबदल आणि दिशेची तपासणी करून घ्यावी. खड्ड्यात आदळून कडेला फुगा आला असेल तर आतले दोरे तुटलेले असतात. तो टायर दुरुस्त होत नाही, काढूनच टाकावा लागतो.

२१/
हे सगळे आज अधिक निकडीचे का झाले? कारण रस्ता पुन्हा बदलला. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग. हा महामार्ग जालन्याजवळून जातो. खड्ड्यांच्या रस्त्यावर ताशी पन्नासने चालणारी, कडेला मार खाल्लेली, महिनोन्‌महिने हवा न मोजलेली गाडी तासाभरात अशा रस्त्यावर येते, जेथे मोटारीची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि वेग तासन्‌तास ओसरत नाही. दोष काँक्रीटच्या माथी मारला जातो. परंतु अखंड वेग, साठणारी उष्णता आणि आधीपासूनची इजा यांचा हिशेब तेथे एकदम चुकता होतो. २०२३ मध्ये परिवहन विभागाने महामार्गाच्या प्रवेशस्थानी टायरांची तपासणी सुरू केली आणि झिजलेल्या टायरांच्या वाहनांना परत फिरवले.

२२/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक पथ्य पाळावे. प्रत्येक अपघातानंतर ‘टायर फुटला’ ही पहिली बातमी असते. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर खासगी बसला आग लागून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला, तेव्हाही प्रथम हेच सांगितले गेले. परिवहन अधिकाऱ्यांच्या प्राथमिक अहवालाने मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही, असे नोंदवले. साक्ष एक गोष्ट, भौतिक पुरावा दुसरी. टायरला सरसकट आरोपी करणे जितके चूक, तितकेच त्याला दैवाधीन मानणे चूक. जो टायर खरोखर फुटतो, त्यामागे बहुतेकदा मोजता आली असती अशी हवा, वाचता आली असती अशी तारीख किंवा दिसू शकला असता असा फुगा असतो.

२३/
धावेच्या काळी निगा राखणारी माणसे ठरलेली होती. सुताराचा आणि लोहाराचा वाटा खळ्यावर निघत असे. आज ती व्यवस्था नाही आणि त्यांची जबाबदारी गाडी चालवणाऱ्या कुटुंबाकडे आली आहे. त्यासाठी लागते तरी काय : एक दाबमापक, चार अंक वाचण्याची सवय, आणि चारही टायरांच्या (आतल्या बाजूंसह) कडांवरून फिरवलेली नजर. स्टेपनी धरली तर पाच. पुढच्या अंगारकीला राजूरला निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, सकाळी हे वाचन उरकता येईल.